केशरी पिल्लाची मावशी

नेपरव्हिल,
१० जून २००६

रत्ना,

‘प्रिय’ लिहिलेलं नाही, हे तुझ्या लक्षात येईलच. सिस्टर अगाथा म्हणायची, पत्राची सुरुवात खोटी केली की शेवटपर्यंत खोटंच लिहावं लागतं. त्या बाईने आपल्या दोघींच्या तळहातांवर फूटपट्टीने जे जे उमटवलं त्यातलं एवढं एकच वाक्य माझ्याजवळ शिल्लक आहे.

सत्तावीस वर्षांनी लिहिते आहे ते समेटासाठी नाही. तसा गैरसमज नको. बाळंतपणाला हिमानीने मला बोलावलं, तुला नाही, म्हणून तू नातीचं तोंड बघायलाही आलेली नाहीस. तू याच देशात, श्रूजबरीला; तिथून इथे यायला विमानाला अडीच तास लागतात. मी बासष्टाव्या वर्षी नागपूरहून आले, सुजलेले पाय घेऊन. पोटची मुलगी तुझी, जावई तुझा, आणि डिंकाचे लाडू वळायला मी. बाळ सात आठवड्यांचं झालं. नाक तुझं आहे. त्याला इलाज नाही.

आता लिहिण्याचं कारण. तुझ्या मुलीने मला घराबाहेर काढलं आहे. बाळाच्या टाळूला तेल नको, धुरी नको, पाळण्यात दुलई नको. मी नुसती खोलीच्या दारात उभी राहिले तरी म्हणते, ‘मावशी, यू आर हॉवरिंग! तुला एक हॉबी हवी.’ मी म्हटलं, चौतीस वर्षं मुलींना वनस्पतिशास्त्र शिकवलं, आता विणकाम करू? तर हिने कुठेतरी फोन केला, आणि आता दर मंगळवारी आणि शनिवारी तुझा जावई शंतनू मला गाडीने एका लहानशा प्राणिसंग्रहालयात सोडतो. तिथे मी हिरवं जाकीट घालून पाला निवडते. बिनपगारी. नागपूरच्या कॉन्व्हेंटची निवृत्त शिक्षिका अमेरिकेत येऊन माकडांसाठी पाला निवडते, हे तिथल्या स्टाफरूममध्ये कळलं तर पुढचं वर्षभर त्यांना चहाबरोबर दुसरं काही लागणार नाही.

पण माकडं बघ कशी आहेत. फ्रान्स्वा लंगूर म्हणतात त्यांना. आपल्या गच्चीवर धुडगूस घालायची ती करडी वानरं नव्हेत. ही काळीभोर, डोक्यावर शेंडीसारखा तुरा, आणि ओठांच्या कोपऱ्यापासून कानापर्यंत पांढरे कल्ले, जुन्या फोटोतल्या जहागीरदारासारखे. मूळची चीनच्या दक्षिणेची आणि व्हिएतनामच्या उत्तरेची. तिथे चुनखडीचे सरळसोट डोंगर आहेत, त्यांच्या अंगावर जंगल, आणि थंडीत ही मंडळी कड्यातल्या गुहांत झोपतात. आणि माणूस काय करतो? डोंगर फोडून सिमेंट करतो, आणि यांची हाडं दारूत घालून औषध म्हणून पितो. जगात दोन हजारही उरली नसतील. इथे तीन आहेत. मंगळवारी एक गृहस्थ काचेपुढे उभे राहून मुलाला सांगत होते, ‘ही एवढी पानंच का खातात? केळी का नाही देत?’ मी त्यांना सांगितलं की यांचं पोट गाईसारखं आहे, पानं आंबवून पचवतं, आणि तुमची केळी देणं म्हणजे त्यांना मारणं. गृहस्थ म्हणाले, ‘ओके, मॅम.’ या देशात कुणाशी धड भांडताही येत नाही.

सरला


३ जुलै २००६

रत्ना,

तुझं उत्तर आलं नाही. अपेक्षाही नव्हती.

लंगुरांत बाळ जन्मलं, २७ जूनला. आणि ते काळं नाही, केशरी आहे. पिकल्या संत्र्यासारखं. मी म्हटलं काहीतरी बिघडलं. प्रीता हसायला लागली. प्रीता म्हणजे त्यांची देखभाल करणारी मुलगी, चोवीस वर्षांची, व्हर्जिनियात हर्नडनला वाढलेली, आईवडील आपल्यातलेच. तिला मराठी समजतं, बोलताना मात्र निम्म्या वाटेवर इंग्रजीत उतरते. ‘मावशी, सगळी बेबीज ऑरेंजच असतात. सहा महिन्यांत ब्लॅक होतात. म्हणजे कुणी हरवलं तर सगळ्यांना दिसतं.’

तिच्या आईवडिलांना तिने दातांची डॉक्टर व्हायला हवं होतं. ‘शेण उचलायला पाठवलं का आम्ही तुला कॉलेजात’ असं तिची आई दर रविवारी फोनवर विचारते म्हणे. आणि ही पोरगी पहाटे येऊन लंगुरांचं शेण वजन करून वहीत लिहिते, पानापानाची यादी ठेवते. अशी एक मुलगी माझ्या वर्गात चौतीस वर्षांत निघाली नाही.

पिल्लाच्या आईचं नाव मेई. दुसरी मादी लान, वयस्कर, तिला स्वतःचं मूल कधी झालं नाही. नर आहे एक, तो नुसता बसतो. तर पिल्लू दोन तासांचं असताना लानने ते मेईच्या कुशीतून उचललं आणि वरच्या फांदीवर घेऊन गेली. मी ओरडलेच. प्रीता म्हणाली, हे नॉर्मल आहे. यांच्यात मावशाच पिल्लं सांभाळतात, आई तेवढ्यात निवांत खाते. भूक लागली की मावशी आणून देते.

माझ्या मनात काय आलं ते तुला कळलं असेल. येऊ दे. तू सहा महिन्यांची पोर माझ्या मांडीवर ठेवून अमेरिकेला गेलीस, कारण तुझा नवरा प्रताप अजून शिकत होता आणि तुला दोन पाळ्या कराव्या लागत होत्या. पाच वर्षं मी तिचं न्हाऊमाखू केलं, गोवर काढला, पाटीवर ‘ग’ गिरवून घेतला. आणि तिला न्यायला आलीस तेव्हा विमानतळावर तू शंभर माणसांसमोर मला चोर म्हणालीस. तू पाठवलेलं सगळं पोचत होतं: फ्रॉक, ती झोपली की डोळे मिटणारी बाहुली, तुझ्या आवाजातल्या त्या कॅसेट. टेपरेकॉर्डर बिघडला होता, हे मी तेव्हाच कळवलं होतं.

लंगूर एकमेकींना चोर म्हणत नाहीत. एवढंच.

सरला


२५ जुलै २००६

रत्ना,

तुझं कार्ड मिळालं. ‘माकडांबद्दल सांगायलाच माझा पत्ता सापडला का?’ एक ओळ, आणि सही इंग्रजीत. ठीक आहे. माकडांबद्दलच सांगते.

इथे प्राण्यांना खाणं सरळ पुढ्यात टाकत नाहीत. खोक्यात दडवतात, दोरीला बांधतात, म्हणजे शोधण्यात त्यांचा वेळ जातो आणि ते खुळ्यासारखे गोल फिरत बसत नाहीत. मी म्हटलं, मग मला सुई-दोरा द्या. तुतीची चाळीस पानं मी केळीच्या सोपटासारख्या एका दोरीत ओवली आणि हार केला. प्रीताने तो फांदीला टांगला. लान आली, हार दोन्ही हातांनी धरला, वास घेतला आणि एकेक पान देठापासून तोडून खाल्लं, पंगतीत बसलेल्या म्हातारीसारखं. प्रीता म्हणाली, ‘मावशी, धिस इज सो अवेसम!’ आता दर शनिवारी तुतीचा हार ठरलेला. बार्बरा म्हणून त्यांच्या वरिष्ठ बाई आहेत, त्यांनीसुद्धा येऊन फोटो काढला. हार म्हणजे काय हे या लोकांना मी शिकवलं म्हणायचं.

आज अमावास्या, उद्यापासून श्रावण. इथल्या मराठी मंडळात एक पुरुषोत्तमराव आहेत, मुलाकडे सहा महिने आलेले. परवा सगळ्यांसमोर सुस्कारा टाकून म्हणाले, ‘या देशात सगळं मिळतं, रुई तेवढी मिळत नाही. श्रावणातले शनिवार मारुती उघडाच राहणार.’ बायका हळहळल्या. मला राहवलं नाही. उठले आणि त्यांना हॉलच्या मागे रेल्वेच्या कुंपणाशी नेलं. तिथे मिल्कवीड कमरेएवढं माजलं आहे. पान तोडून दाखवलं. पांढरा चीक टपकला. रुंद, जाड, मऊ लव असलेलं पान. ‘रुईच्याच कुळातलं आहे,’ म्हटलं. ‘घाला मारुतीला. त्याला पासपोर्ट विचारायचा नसेल तर चालेल.’ पुरुषोत्तमराव माझ्या पाया पडायचे बाकी होते. आता पहिल्या शनिवारपासून हार ओवण्याचं काम माझ्याच गळ्यात. देवावर माझा किती विश्वास आहे ते तुला माहीत आहे. पण वनस्पती ओळखण्यात मी चूक करत नाही.

सरला


८ ऑगस्ट २००६

रत्ना,

घाईत लिहिते आहे, अक्षर लागलं नाही तर दोष देऊ नकोस.

मेई मरता मरता राहिली आहे. राहिली म्हणजे अजून आहे, प्राण्यांच्या दवाखान्यात. शनिवारी दुपारनंतर ती ओकायला लागली, मग फांदीवरून खाली उतरून कोपऱ्यात बसली, मग आडवी झाली. हृदयाचे ठोके एक पडतो, एक चुकतो. पाल्यात काहीतरी भलतं आलं. लानने चाखून थुंकलं, नराने तोंड लावलं नाही, पण मेई अंगावर पाजते, तिला भूक जास्त.

एवढं मोठं प्राणिसंग्रहालय, पाल्याच्या खोलीच्या दारावर सूचनांचे सात कागद, हातमोजे वेगळे, बादल्या वेगळ्या, आणि विषारी पान आत जातंच कसं? मी बार्बराला तोंडावर विचारलं. त्या म्हणाल्या, तेच शोधतो आहोत. सगळ्या स्वयंसेवकांना एकेक करून बोलावून विचारलं, बाहेरची कुठली वनस्पती आत आणली होती का. मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, ‘मी चौतीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलेलं आहे.’ त्या म्हणाल्या, ‘ऑफ कोर्स,’ आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

शनिवारी मी तिथे फार वेळ नव्हतेच. बाळाला लस दिली होती, ताप चढला, हिमानी घाबरली, शंतनू मला अकरालाच न्यायला आला. घाईघाईत निघाले. त्यामुळे मला काही माहीत असण्याचा प्रश्न येत नाही.

पिल्लू लानकडे आहे. सहा आठवड्यांचं. लान त्याला खाली ठेवत नाही. पण लानला दूध कुठून येणार?

सरला


१२ ऑगस्ट २००६

रत्ना,

अशी संतापले आहे की सकाळपासून हिमानी माझ्या वाऱ्याला उभी राहत नाही.

प्रीताला घरी बसवलं. चौकशी पूर्ण होईपर्यंत कामावर यायचं नाही. का, तर आत जाणारं प्रत्येक पान यादीशी ताडून पाहायची जबाबदारी तिची, आणि तिने ते ताडलं नाही. तीन वर्षांत त्या मुलीची एक चूक नाही. पण लाथ मारायची ती सगळ्यांत खालच्या पायरीवरच्या माणसाला, हे नागपूरला जसं आहे तसंच इथे आहे, फक्त इथे आधी ‘वुई व्हॅल्यू यू’ म्हणतात. तिच्या आईने फोनवर सांगितलं म्हणे, बरं झालं, आता तरी दातांच्या कॉलेजचा फॉर्म भर.

आणि इकडे प्रीता गेल्यापासून पिल्लू उपाशी. बाटलीने दूध पाजायचं तर जाळीशी लानने पिल्लू घेऊन बसायला हवं. ती फक्त प्रीतासाठी येते. प्रीताने वर्षभर बसून तिला शिकवलं आहे, जाळीला पाठ लाव, हात दे, तोंड उघड. दुसरी मुलं बाटली घेऊन गेली की लान वरच्या फांदीवर जाऊन पाठ फिरवते. जाळीतून पिचकारीने कसेबसे चार थेंब पोचतात तेवढेच. पिल्लू तिच्या पोटाला चिकटून कोरडं चोखत असतं. मी काचेपाशी उभी राहून पाहिलं. तीन दिवसांत त्याचा आवाज बसला.

मी बार्बराला म्हटलं, ‘प्रीताला आत्ताच्या आत्ता बोलवा. भांडण नंतर करा.’

त्या म्हणाल्या, ‘सरला, असं करता येत नाही. नेमकं काय घडलं ते कळेपर्यंत मी तिला त्या दाराच्या आत घेऊ शकत नाही.’

‘मग पिल्लाचं काय?’

‘मंगळवारपर्यंत वाट पाहू. नाहीतर लानला गुंगीचं औषध देऊन पिल्लू काढून घेऊ आणि हाताने वाढवू.’

‘आणि मेई बरी होऊन आली की?’

‘तोपर्यंत फार दिवस गेले तर कदाचित ती त्याला ओळखणार नाही,’ त्या म्हणाल्या. ‘किंवा ते तिला.’

हे वाक्य घेऊन मी घरी आले. तो हार कुणी केला, हे प्रीताला त्यांनी दहा वेळा विचारलं. ती म्हणते, ‘मला थंड खोलीत सापडला. चेक करणं माझं काम होतं.’ बस. त्यापुढे तोंड उघडत नाही.

हार होता, हे मागच्या पत्रात लिहायचं राहिलं.

सरला


१५ ऑगस्ट २००६

रत्ना,

लिहायचं राहिलं नव्हतं. लिहिलं नव्हतं.

आता क्रमाने सांगते, तू मध्ये बोलू नकोस.

पाच तारखेला, शनिवारी, सकाळी मी मिल्कवीडच्या पानांचा हार ओवला. एकवीस पानं. काम संपलं की तसंच पुरुषोत्तमरावांच्या घरी जायचं होतं, संध्याकाळी तो मारुतीला घालायला. बाहेर गाडीत अंडं शिजेल असं ऊन. शंतनू मला सोडून परस्पर त्याच्या कामाला जाणार होता. तेव्हा हार ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून मी पाल्याच्या थंड खोलीत खालच्या फळीवर ठेवला, दुपारी परत न्यायचा म्हणून. आपण नाही का मोगऱ्याचा गजरा फ्रीजमध्ये ठेवत, तसा. अकराला ताप चढल्याचा फोन आला आणि मी तुतीचा हार न ओवताच निघाले. दुपारी प्रीता खोलीत गेली. शनिवार, मी, आणि हार. तिने तो उचलला आणि फांदीला टांगला. तिने दुसरं काय करायचं होतं?

संध्याकाळी चारला मला आठवलं. फोन दिवाणखान्यात होता. मी म्हटलं, गुंडाळून ठेवलाय, कोण हात लावतंय. पुरुषोत्तमरावांना कळवलं की आज मारुतीला तुळस घाला.

तेव्हा एक फोन केला असता तर, हे मला तू सांगू नकोस. मी रोज सांगते आहे.

रविवारी प्रीताला फोन केला. म्हटलं, ‘तू माझं नाव का घेतलं नाहीस?’

‘मावशी, इट्स ओके. चेक मीच करायला हवं होतं. मला वाटलं, आज सॅटर्डे, तर तू हनुमानजींसाठी केलाय. म्हणजे, लंगुरांसाठीच.’

‘पण माझं नाव, प्रीता?’

मग म्हणाली, ‘ते तुला परत येऊ देणार नाहीत ना. मग तू सॅटर्डेला कुठे जाशील?’

रत्ना, मला आयुष्यात पुष्कळ लोकांनी पुष्कळ बोल लावले आहेत. त्यातला एकही इतका लागला नाही.

काल सकाळी शंतनूला म्हटलं, आज सोमवार असला तरी मला सोड. बार्बरा त्यांच्या खोलीत होत्या. मी बसले नाही. म्हटलं, ‘तो हार मी केला. ती मिल्कवीडची पानं होती. तुम्ही विचारलंत तेव्हा मी उत्तर दिलं नाही, माझी नोकरी किती वर्षांची ते सांगितलं.’

त्यांनी चष्मा काढला. ‘मिल्कवीड! तुम्हाला ते विषारी आहे हे माहीत होतं?’

‘माझ्या सहावीतल्या मुलींनाही माहीत असतं.’

‘मग कशासाठी केलात?’

‘देवासाठी.’

‘कुठल्या देवासाठी?’

‘माकडाच्याच,’ मी म्हटलं.

त्यांनी तेही लिहून घेतलं. मग हात पुढे केला. मला क्षणभर वाटलं हस्तांदोलन. त्यांना माझं ओळखपत्र हवं होतं. ते दिलं, हिरवं जाकीट घडी घालून दिलं. पण मी तिथून हलले नाही. म्हटलं, ‘नेमकं काय घडलं ते आता तुम्हाला कळलं. मग तिला बोलवा. मंगळवार उद्या आहे.’ त्या म्हणाल्या, प्रीताची चूक तरीही आहे, तिला लेखी ताकीद मिळेल. मी म्हटलं, ताकीद लिहायला तुम्ही आठवडा घ्या, बाटली आज द्या. त्यांनी माझ्यासमोर फोन उचलला.

प्रीता चाळीस मिनिटांत पोचली. मला आत जायची परवानगी नव्हती. गाडीतळावर शंतनूच्या गाडीत बसून राहिले. अडीच वाजता तो म्हणाला, ‘मावशी, प्रीताचा मेसेज आहे. लान जाळीपाशी आली. सगळी बॉटल संपवली.’ मी त्याला म्हटलं, ‘एसी जरा कमी कर, डोळ्यांना झोंबतोय.’ तो शहाणा मुलगा आहे. त्याने कमी केला.

आणखी एक सांगायचं आहे. ते आज जमणार नाही.

सरला


४ सप्टेंबर २००६

प्रिय रत्ना,

आज लेबर डेची सुट्टी आहे. प्रीता घरी जेवायला आली होती. पिठलं-भाकरी खाल्ली आणि मेईची हकिकत सांगितली. मी गेले तीन आठवडे त्या आवाराच्या बाहेर आहे आणि बाहेरच राहणार, तेव्हा तिचे डोळे ते माझे.

मेईला २८ तारखेला परत आणलं. वजन उतरलेलं, दंडाचे केस काढलेले. दार उघडलं तेव्हा लान वरच्या फांदीवर, पिल्लू तिच्या पोटाशी. मेई खाली बसली. झडप घातली नाही, दात विचकले नाहीत, नुसती बसून वर बघत राहिली. लानने पाठ फिरवली. सगळी सकाळ अशी गेली. बार्बरा हातात जाळं घेऊन दाराआड उभ्या. प्रीता म्हणाली, अजून नको, थांबूया. दोन वाजता पिल्लू रडायला लागलं. लान उतरली, मेईपासून हातभर अंतरावर येऊन बसली, तिच्याकडे बघेना. पिल्लाला कुठे जायचं ते कळेना. शेवटी लाननेच त्याला मानेपाशी धरून मेईच्या मांडीवर ठेवलं. पण शेपूट सोडली नाही. पिल्लू आईला पीत होतं आणि शेपटीचं टोक संध्याकाळपर्यंत लानच्या मुठीत होतं.

प्रीताला हे फार गोड वाटलं. मी उठून भांडी घासायला गेले.

रत्ना, टेपरेकॉर्डर बिघडलेला नव्हता.

पहिली कॅसेट मी लावली होती. हिमू दोन वर्षांची होती. तुझा आवाज आला तशी ती धावत टेपरेकॉर्डरच्या मागे गेली, तिथे तू दिसली नाहीस म्हणून टेबलाखाली गेली, मग दाराशी. दुपारभर रडली. माझ्या हातून जेवली नाही. मी तुला कळवलं की मशीन बिघडलं, आणि कॅसेट कपाटात ठेवली. दुसरी आली, तीही ठेवली. मुलीच्या भल्यासाठी, असं मी स्वतःला सांगितलं. चौतीस वर्षं शिकवणारी बाई स्वतःलाही चांगलं पटवून देते. खरं एवढंच की ती माझ्या हातून जेवली नाही, ते मला सहन झालं नाही. अशा सतरा आल्या. विमानतळावर तू हाक मारलीस आणि तिने मान वळवली नाही, माझा पदर तोंडात धरून उभी राहिली. तू मला चोर म्हणालीस, मी तुला कृतघ्न म्हणाले. तू बरोबर बोलत होतीस.

त्या सतराही कॅसेट मी एप्रिलमध्ये बॅगेत घालून आणल्या होत्या. डिंकाच्या डब्याखाली. पाच महिने तिथेच होत्या.

काल हिमानीला सांगितलं. ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली नाही. बाळ तिच्या खांद्यावर होतं, त्याची पाठ थोपटणं तेवढं थांबलं. म्हणाली, ‘हाऊ मेनी?’ मी म्हटलं, सतरा. म्हणाली, ‘गिव्ह देम टू मी.’ घरात कॅसेट लावायला काही नाही. शंतनूच्या जुन्या गाडीत आहे. ती बाळाला घेऊन गॅरेजमध्ये गेली आणि गाडीत बसली. मी स्वयंपाकघरात उभी होते, मधलं दार नीट लागलेलं नव्हतं. तीस वर्षांपूर्वीचा तुझा आवाज, किती कोवळा होता ग. ‘हिमू, आज इथे बर्फ पडलं. तू आलीस की तुला दाखवीन. ताईला त्रास देऊ नकोस. ताई सांगेल तसं कर.’

हे मी कधी ऐकलंच नव्हतं. तिसऱ्या कॅसेटवर होतं.

दोन तासांनी बाहेर आली. डोळे सुजले होते. माझ्याशी अजून बोलत नाही, ताट मात्र माझ्या शेजारीच मांडते. रात्री तिने तुला फोन लावायला घेतला आणि ठेवून दिला. तिला काय म्हणायचं ते सुचत नसेल. तू लाव.

माझं परतीचं विमान १४ ऑक्टोबरला आहे. तू मी गेल्यावर आलीस तर मला समजेल, आणि त्यावर मी एक शब्द बोलणार नाही, हे माझ्याकडून केवढं मोठं आहे ते तुला ठाऊक आहे. पण मी असताना आलीस तर बाळ मी स्वतः तुझ्या मांडीवर ठेवीन. दुपट्याचं टोक थोडा वेळ माझ्या हातात राहिलं तर तेवढं चालवून घे.

तुझी,
ताई